स्टार फॉरवर्ड देशासाठी ‘चालला नाही’ म्हणजे नेमकं काय? आइस हॉकीचा हिशेब कसा मांडायचा

फेब्रुवारी २०१४, रशियातलं सोची, हिवाळी ऑलिंपिक. कॅनडाचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी सहा सामने खेळला: एक गोल, दोन असिस्ट (म्हणजे गोलाआधीचे पास). रशियाचा अलेक्झांडर ओव्हेचकिन पाच सामने खेळला: एक गोल, एक असिस्ट. गोल आणि असिस्ट मिळून सामन्यामागे गुण काढले तर एकाचे ०.५, दुसऱ्याचे ०.४. फरक नावालाच. पण कॅनडानं सुवर्णपदक जिंकलं, तर यजमान रशिया उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडकडून १-३ असा हरला. मग क्रॉस्बी ठरला संघासाठी खेळणारा शहाणा कर्णधार आणि ओव्हेचकिनच्या डोक्यावर फुटलं सगळं खापर. आकडे जवळपास सारखेच असताना निकाल इतके उलटे लागत असतील, तर दोन्ही निकाल आकड्यांवरून दिलेलेच नव्हते. संघ जिंकला की हरला, एवढंच पाहून ते दिले होते.

सोलापुरात बर्फ दिसतो तो रसवंतीवर आणि गोळेवाल्याकडे. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, नाही; संघ नाही. तरीही मोबाइलवर आइस हॉकी पाहणारी पोरं इथे आहेत. मे महिन्यात युरोपात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा असली की बाहेर पारा ४२ वर आणि स्क्रीनवर बर्फ, असा कार्यक्रम संध्याकाळी सुरू होतो तो मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. आणि पार्क चौकात क्रिकेटवर जसा वाद रंगतो तसाच यावरही रंगतो: ‘क्लबसाठी पन्नास गोल मारतो, देशासाठी का मारत नाही बे?’ प्रश्न चुकीचा नाही. उत्तर शोधायची जागा चुकते. गोलांच्या रकान्यात ते सापडत नाही, निदान छोट्या स्पर्धेत तरी नाही.

फॉरवर्ड बर्फावर असतो किती वेळ?

मैदानी हॉकीत किंवा फुटबॉलमध्ये स्टार खेळाडू बराच वेळ मैदानावर असतो. आइस हॉकीत तसं नसतं. सामना २०-२० मिनिटांच्या तीन पिरियडचा, म्हणजे ६० मिनिटांचा. एका वेळी बर्फावर गोलरक्षक धरून सहा जण: तीन फॉरवर्ड, दोन बचावपटू, एक गोलरक्षक. तीन फॉरवर्डच्या तुकडीला लाइन म्हणतात. मधला सेंटर, दोन बाजूंना विंगर. संघाकडे अशा चार लाइन असतात आणि त्या खेळ चालू असतानाच आळीपाळीनं बेंचवरून उड्या मारून आत-बाहेर होतात. एका फेरीला शिफ्ट म्हणतात. चांगली शिफ्ट साधारण ४५ सेकंदांची. सव्वा मिनिटाच्या पुढे गेली की पायातला जोर संपतो आणि अशा लांबलेल्या शिफ्टमध्ये गोल खाण्याचा धोका वाढतो.

पहिल्या लाइनचा फॉरवर्ड सामन्यात १८ ते २२ मिनिटं खेळतो, चौथ्या लाइनचा ८ ते १२. म्हणजे तुमचा स्टारसुद्धा ६० पैकी ४० मिनिटं बेंचवर बसलेला असतो. संघानं खाल्लेल्या गोलांपैकी निम्म्यांच्या वेळी तो बर्फावर नसेलही. त्यामुळे वाद सुरू करण्याआधीचा पहिला प्रश्न: त्याला मिनिटं किती मिळाली, आणि त्यातली पॉवर प्लेची किती? पॉवर प्ले म्हणजे समोरच्या संघाचा एक जण शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, गोलरक्षक सोडून पाच विरुद्ध चार असा खेळ. साध्या चुकीला दोन मिनिटांची शिक्षा; त्यात गोल झाला तर शिक्षा तिथेच संपते. पॉवर प्लेवरचा गोल आणि पाच विरुद्ध पाचमधला गोल हे एकाच पारड्यात टाकू नयेत. पहिल्यात जागा आपोआप मिळते, दुसऱ्यात ती तयार करावी लागते.

दुसरा प्रश्न: त्याच्या शिफ्ट सुरू कुठे होतात? खेळ थांबला की फेस-ऑफनं, म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये पंचानं पक (रबराची चकती) टाकून, पुन्हा सुरू होतो, आणि तो फेस-ऑफ कोणत्या हद्दीत आहे हे पाहून प्रशिक्षक लाइन पाठवतो. गोल मारणाऱ्या लाइनला समोरच्या गोलपाशी सुरुवात मिळते. बचाव जमणाऱ्या लाइनला स्वतःच्या गोलपाशी. कबड्डीत ज्याला फक्त तिसरी, म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशी चढाई करायला पाठवतात, त्याची सरासरी मोकळ्या चढाया करणाऱ्यापेक्षा खालीच राहणार. समोरच्यांना माहीत असतं की हा रिकामा परतणार नाही, ते दबा धरून बसलेले असतात. स्वतःच्या गोलपाशी शिफ्ट सुरू करणाऱ्या फॉरवर्डचंही तसंच. त्याला आधी पक जिंकायचा, मग बाहेर काढायचा, मग ४० मीटर न्यायचा नाही तर पुढे टाकायचा. शॉट मारायची वेळ येईतो ४५ सेकंदांतले ३० गेलेले असतात.

गुण, असिस्ट आणि प्लस-मायनसची भानगड

गोलला एक गुण, असिस्टलाही एक गुण. एका गोलवर जास्तीत जास्त दोन असिस्ट मिळतात: गोल मारणाऱ्याच्या आधी ज्या दोन सहकाऱ्यांच्या स्टिकला पक लागला त्यांना, मध्ये समोरच्या संघानं पकवर ताबा मिळवला नसेल तर. दुसऱ्या असिस्टचं काही खरं नसतं. कधी तो ३० मीटरचा बचाव चिरणारा पास असतो, कधी नुसता मागे सरकवलेला पक. कागदावर दोन्हींची किंमत सारखीच. त्यामुळे ‘स्पर्धेत चार असिस्ट’ असं कुणी सांगितलं की त्यातले पहिले किती, हे विचारावं.

प्लस-मायनस तर त्याहून फसवं. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघानं समसमान खेळाडूंत किंवा आपला माणूस कमी असताना गोल मारला तर तुम्हाला अधिक एक; समोरच्या संघानं समसमान खेळाडूंत किंवा त्यांचा माणूस कमी असताना गोल मारला तर उणे एक. पॉवर प्लेवर मारलेल्या गोलचा अधिक मिळत नाही. आता ओव्हेचकिनचा एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला, २०१३-१४ चा हंगाम बघा: ५१ गोल, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक, आणि प्लस-मायनस उणे ३५. सर्वांत जास्त गोल मारणारा लीगमधल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी एक घेऊन बसला होता! कारण शोधायला लांब जायला नको. ५१ पैकी २४ गोल पॉवर प्लेवरचे, त्यांचा अधिक शून्य. शिवाय संघ एका गोलनं मागे असताना शेवटच्या दीड-दोन मिनिटांत गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू आत घेतात, आणि त्या वेळी असा माणूस बर्फावर असणारच. रिकाम्या गोलमध्ये पक गेला की त्याच्या नावावर उणे एक. त्याचा परत धावून बचाव करण्यातला आळस याला जबाबदार नव्हता असं नाही, होताच. पण उणे ३५ हे त्या आळसाचं माप नव्हे. छोट्या स्पर्धेत तर हा आकडा पाहूच नये. दोन गोल इकडचे तिकडे झाले की अधिक दोनचा उणे दोन होतो.

२४ शॉटचं गणित

एनएचएलमध्ये गोलच्या चौकटीवर मारलेल्या शंभर शॉटपैकी साधारण ९ ते १० आत जातात. स्टार मंडळींचे थोडे जास्त. आता समजा, एक चांगला फॉरवर्ड सामन्याला चार शॉट मारतो आणि त्याचा प्रत्येक शॉट आत जायची शक्यता १० टक्के. सहा सामन्यांत झाले २४ शॉट. सरासरीनं अपेक्षा २.४ गोलांची. पण एकही गोल न होण्याची शक्यता किती? ०.९ चा २४ वा घात, म्हणजे जवळपास ८ टक्के. शून्य किंवा एकच गोल होण्याची शक्यता २९ टक्के.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ऑलिंपिकमध्ये १२ संघ, प्रत्येकाचा एक स्टार. सगळे अगदी आपल्या लौकिकाप्रमाणे खेळले आणि प्रत्येकाला सहा सामने मिळाले, तरी त्या १२ मधला एखादा एकही गोल न मारता परतणार आणि तिघे-चौघे एका गोलवर किंवा त्याखाली अडकणार. त्यांच्यावर लेख येणार, चर्चा झडणार, ‘देशाच्या जर्सीचं ओझं’ वगैरे. प्रत्यक्षात झालेलं असतं एवढंच, की शॉट थोडे आणि नशीब आडवं.

आणि समोर गोलरक्षक पेटला तर विचारूच नका. सोचीतच कॅनडा विरुद्ध लॅटव्हिया, उपांत्यपूर्व सामना. कॅनडाचे शॉट ५७, लॅटव्हियाचे १६. निकाल २-१. लॅटव्हियाचा गोलरक्षक क्रिस्टर्स गुडलेव्हस्किस यानं ५५ शॉट अडवले आणि तिसऱ्या पिरियडमध्ये शे वेबर या बचावपटूनं पॉवर प्लेवर गोल मारला तेव्हा कुठे कॅनडाचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी कॅनडाचे झाडून सगळे फॉरवर्ड वाईट खेळले असं म्हणायचं का? रशियाला घरी पाठवणाऱ्या फिनलंडच्या टूका रास्कनंही ३७ शॉट अडवले होते. फॉरवर्डवर बोलताना समोरच्या गोलरक्षकाचं नाव न घेणारा वाद अर्धाच असतो.

पास देणारा दुसऱ्याच देशाचा

क्लब आणि देश यांतला खरा फरक इथे आहे, आणि बहुतेक वादांत नेमका हाच सुटतो.

ओव्हेचकिनचा हुकमी शॉट कसा तयार होतो ते पाहा. तो उजव्या हाताचा फटकेबाज, पण खेळतो डाव्या बाजूला. पॉवर प्लेवर डाव्या फेस-ऑफ वर्तुळात जाऊन उभा राहतो. समोरून, रिंकच्या उजव्या कडेवरून आडवा पास येतो आणि तो पक न थांबवता थेट हाणतो. याला वन-टायमर म्हणतात. डाव्या बाजूला उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या खेळाडूच्या स्टिकचं पातं येणाऱ्या पासकडे आधीच उघडं असतं, म्हणून पक अडवायचा, फिरवायचा, मग मारायचा यातला वेळ वाचतो. गोलरक्षकाला त्याच क्षणी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकावं लागतं. पास अर्धा मीटर मागे किंवा पायात आला की सगळा खेळ फिसकटतो: पक थांबवावा लागतो, गोलरक्षक जागेवर पोहोचतो, समोर बचावपटू आडवा पडतो.

वॉशिंग्टन कॅपिटल्समध्ये उजव्या कडेवरून तो पास देणारा होता निकलस बॅकस्ट्रॉम. हंगामाला ८२ सामने, वर्षानुवर्षं तेच दोघं, तीच जागा, तोच वेग. आणि बॅकस्ट्रॉम स्वीडनचा. ऑलिंपिक आलं की दोघं दोन वेगळ्या बेंचवर. रशियाच्या संघात कौशल्याची वानवा नव्हती. इव्हगेनी मल्किन होता, पावेल दत्स्युक होता, इल्या कोव्हालचुक होता. पण कोव्हालचुक हाही उजव्या हाताचा आणि लांबून जोरात मारणारा. एकाच जागेला शोभणारे दोन बंदूकधारी आणि त्यांना गोळ्या पुरवणारा ओळखीचा माणूस नाही, असा तो पेच. फिनलंडविरुद्ध रशियाचा एकमेव गोल पॉवर प्लेवरच झाला, पण मारला कोव्हालचुकनं.

शिवाय सरावाला वेळ किती? एनएचएलचा हंगाम थांबवून खेळाडू येतात, विमानातून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पहिला सामना. नवी लाइन जुळायला क्लबात महिना लागतो.

त्यात रिंकचा आकार. एनएचएलचं रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. सोचीचं आंतरराष्ट्रीय मापाचं, ६० बाय ३०. म्हणजे दोन्ही कडांना दोन-दोन मीटर जादा आणि एकूण जागा सुमारे १४ टक्के जास्त. ऐकणाऱ्याला वाटतं, मोकळी जागा वाढली, गोल वाढतील. होतं उलटंच. वाढलेली जागा कडेला आहे, गोलसमोर नाही. शहाणा बचाव कड सोडून देतो आणि चौघे-पाच जण गोलसमोरच्या पट्ट्यात घट्ट बसतात. कडेनं येणारा विंगर गोलपासून दोन मीटर लांब पडतो, त्याचा कोन बिघडतो, शॉट गोलरक्षकाच्या छातीवर जातो. कडेवरून आत घुसून मारण्यावर ज्याचा खेळ उभा आहे त्याला हे जास्त जाचतं, सेंटरला कमी. अंगावर आदळून पक काढून घेणाऱ्यालाही जाचतं, कारण आदळायला जाईपर्यंत समोरचा निसटलेला असतो.

क्रॉस्बीच्या बाबतीतला पुरावा तर हातात धरून दाखवावा असा आहे. सोचीत त्याच्या एका बाजूला क्लबमधला साथीदार ख्रिस कुनित्झ होता, ज्याच्या निवडीवरूनच कॅनडात रण माजलं होतं. दुसऱ्या बाजूचा विंगर बदलत राहिला. सहा सामन्यांत तीन गुण. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये टोरांटोला वर्ल्ड कप झाला. एनएचएलच्या मापाचं छोटं रिंक, आणि दोन्ही बाजूंना पक्के साथीदार: पॅट्रिस बर्जेरॉन आणि ब्रॅड मार्शंड. पुन्हा सहा सामने, पण या वेळी १० गुण, तीन गोल आणि सात असिस्ट, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. माणूस तोच, जर्सीही देशाचीच. ‘देशासाठी जीव तोडून खेळत नाही’ हे स्पष्टीकरण इथे कुठे बसवणार?

वही घ्या

टीव्हीवरून किंवा मोबाइलवरून स्टार फॉरवर्डचा खेळ तपासायचा तर शंभर पानी वहीचं एक आडवं पान पुरतं. पण आधी माणूस ओळखता आला पाहिजे. कॅमेरा पकच्या मागे धावतो आणि पाच इंची स्क्रीनवर पाठीवरचा नंबर अर्धा वेळ दिसत नाही. म्हणून दुसरी खूण धरावी: स्टिक कोणत्या हाताची, पात्यावरची टेप काळी की पांढरी, पळताना पाठ किती वाकते. ओव्हेचकिन तर स्केटच्या पिवळ्या लेसवरून लांबून ओळखू येतो.

पानावर सहा रकाने पाडा. शिफ्टचा क्रमांक, किती सेकंद, सुरुवात कुठे, म्हणजे आपली हद्द, मधली की त्यांची, सोबत कोण, समोर कोणती लाइन, आणि काय झालं. शेवटच्या रकान्यात गोल-असिस्ट लिहायचं नाही, ते पत्रकात मिळतंच. तिथे चार गोष्टींच्या खुणा करायच्या. त्यानं पक आपल्या हद्दीतून ताब्यात ठेवून बाहेर काढला का. समोरच्या निळ्या रेषेपलीकडे, जिथून त्यांची हद्द सुरू होते, तो ताब्यात ठेवून नेला की नुसता ढकलून दिला. शॉट कुठून झाला: गोलसमोरच्या पट्ट्यातून की कडेवरून, चौकटीवर गेला, बाहेर गेला की कुणी अडवला. आणि चौथी, जी सगळेच विसरतात: पक हातचा गेल्यावर तो मागे किती जोरात फिरला.

एका शिफ्टची नमुना ओळ अशी दिसेल: ‘शिफ्ट ७, ४८ सेकंद, सुरुवात आपल्या गोलपाशी, सोबत नेहमीचे दोघं, समोर त्यांची पहिली लाइन, पक काढला, निळी रेषा ताब्यात ओलांडली, पट्ट्यातून एक शॉट, अडवला गेला, शेवट त्यांच्या हद्दीत फेस-ऑफ.’ अधिकृत पत्रकात या शिफ्टची नोंद शून्य. प्रत्यक्षात ही सोन्यासारखी शिफ्ट. सर्वांत अवघड जागी सुरुवात केली, सर्वांत तगड्या लाइनसमोर, आणि ४८ सेकंदांनी खेळ रिंकच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. पुढची लाइन आता त्यांच्या गोलपाशी फेस-ऑफ घेणार. तिनं गोल मारला तर गुण तिला.

सगळं एकदम टिपायचा प्रयत्न केला की दहाव्या मिनिटाला वही बाजूला पडते. पहिल्या पिरियडमध्ये फक्त शिफ्टची वेळ आणि सुरुवात टिपा. दुसऱ्यात समोरची लाइन. तिसऱ्यात शॉटच्या जागा. तिसऱ्याचा आकडा वाचताना मात्र जपून: जिंकत असलेला संघ मागे सरकून बसतो, हरणारा मिळेल तिथून शॉट मारतो. म्हणून हरलेल्या संघाच्या स्टारचे शॉट जास्त दिसतात आणि ‘बिचारा एकटा लढला’ असं वाटतं. गोलफरक शून्य किंवा एक असतानाच्या शिफ्ट वेगळ्या मोजल्या की चित्र ताळ्यावर येतं.

समोरची लाइन कोणती, हे स्वतः स्टारच्या हातात नसतं. खेळ थांबल्यावर आधी पाहुणा संघ बदल करतो, मग यजमान. शेवटचा बदल ज्याच्याकडे तो जोड्या ठरवतो. तटस्थ देशातल्या सामन्यातही कागदावर एक संघ यजमान असतो. आपला संघ पाहुणा असेल तर समोरचा प्रशिक्षक दर फेस-ऑफला त्यांची सर्वोत्तम बचाव जोडी आपल्या स्टारच्या अंगावर घालणार. एक पळवाट समोरच्यांची बंद असते: पक मधल्या रेषेअलीकडून थेट पार टोकापर्यंत फेकून आयसिंगची चूक केली, तर त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्या पायांसमोर ताजा स्टार सोडायची हीच संधी. ती साधली का, हे वहीत तारा काढून लिहावं.

हायलाइट पाहून वाद घालणाऱ्यांशी वाद घालू नये. तीन मिनिटांच्या चित्रफितीत गोल आणि हुकलेल्या संधी असतात, मागे न फिरणं नसतं. आणि प्रतिस्पर्ध्यांची गाळणी लावल्याशिवाय बेरीज करू नये: दुबळ्या संघाविरुद्धचे गोल एका बाजूला, तुल्यबळ संघाविरुद्धचे दुसऱ्या. हीच वही भारतीय संघालाही चालते. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या महिला आशिया कपात भारतानं कांस्यपदक मिळवलं. लडाखच्या मुलींनी भरलेला हा संघ. अशा स्पर्धांत संघांमधली दरी मोठी असते, एकतर्फी निकाल लागतात, आणि एकाच सामन्यातल्या गोलांवर कुणीतरी स्पर्धेची राणी ठरते. दरी मोठी तितकी गाळणी बारीक हवी.

मग त्या दोघांचं काय?

हे सगळं लावून सोचीकडे पाहिलं तर सुवर्ण मिळण्याआधी, गोल होत नाहीत म्हणून क्रॉस्बीवर झालेली टीका बहुतेक फोल ठरते. कॅनडानं सहा सामन्यांत १७ गोल मारले आणि खाल्ले फक्त तीन. उपांत्य सामना अमेरिकेविरुद्ध १-०, अंतिम स्वीडनविरुद्ध ३-०. समोरच्याला पकच मिळू द्यायचा नाही, अशी त्या संघाची आखणी होती. ड्रू डाउटी आणि शे वेबर या दोन बचावपटूंनी मिळून सात गोल मारले, यावरूनच कळतं की फॉरवर्ड लोक गोलसमोर जागा अडवून पक मागे देत होते. पहिल्या लाइनच्या सेंटरवर या आखणीत सर्वांत जास्त बोजा येतो आणि गुण सर्वांत कमी. त्याचा एकमेव गोल आला अंतिम सामन्याच्या दुसऱ्या पिरियडमध्ये: पक हिसकावून एकटा सुटला आणि स्वीडनचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्टला उलट्या हाताच्या फटक्यानं चकवलं. तो गोल झाला नसता तरी त्याच्या स्पर्धेचं मूल्यमापन फारसं बदलायला नको होतं. लोकांचं मात्र बदललं असतं.

ओव्हेचकिनवरची टीका अर्धी खरी. स्लोव्हेनियाविरुद्ध पहिल्याच सामन्यात ७७ सेकंदांत गोल, आणि मग चार सामने कोरडे. त्याचा शॉट तयार करणारी यंत्रणा संघानं उभारली नाही, हा दोष प्रशिक्षकाचा. पाच सामन्यांचं नशीब, समोर रास्क, रुंद रिंक हे सगळं त्याच्या बाजूनं. पण त्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट शिल्लक राहते. पाच विरुद्ध पाचमध्ये पास येत नसेल तेव्हा करायला त्याच्याकडे दुसरं काय होतं? क्रॉस्बी गोल न मारताही पक समोरच्यांच्या हद्दीत अडकवून ठेवू शकत होता, कोपऱ्यात दोघांना अंगावर घेऊन उभा राहू शकत होता. ओव्हेचकिनच्या त्या वर्षीच्या खेळात ही दुसरी वाट अरुंद होती. हे म्हणणं टिकतं. ‘देशासाठी खेळत नाही’ हे टिकत नाही: २००८ च्या जागतिक अजिंक्यपदात त्यानं नऊ सामन्यांत १२ गुण मिळवले आणि रशियानं कॅनडात जाऊन कॅनडाला हरवून सुवर्ण नेलं. सोचीनंतर तीनच महिन्यांनी, मे २०१४ मध्ये मिन्स्कला रशिया पुन्हा जगज्जेता झाला, त्या संघातही तो होता.

वाद घालायला ताजं उदाहरण हवं असेल तर कॅनडाच्या कॉनर मॅकडेव्हिडचं घ्या. फेब्रुवारी २०२५, चार देशांची स्पर्धा, बॉस्टनला कॅनडा-अमेरिका अंतिम सामना. आपल्याकडे शुक्रवार, २१ फेब्रुवारीची सकाळ. २-२ बरोबरी, जादा वेळेत ८ मिनिटं १८ सेकंदांवर मिच मार्नरचा पास आणि गोलसमोर मोकळ्या सुटलेल्या मॅकडेव्हिडचा गोल. सामन्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर जादा वेळ शेवटी बघा. आधी पहिल्या तीन पिरियडमधल्या त्याच्या शिफ्ट वहीत उतरवा, मत लिहून पान दुमडा, आणि मगच तो गोल बघा.